तेल-फॅट्सच्या रिसर्चवर इंटरनॅशनल स्टुडंट अवॉर्डसाठी अर्ज कसा करायचा: जळगाव-धुळे-नंदुरबारच्या एमटेक, पीएचडीवाल्यांसाठी

आपल्या खान्देशात तेलावर काम करणारे पोरंपोरी कमी नाहीत. कोणी सरकीच्या तेलावर करतंय, कोणी शेंगदाण्यावर, कोणी तळणाच्या तेलावर, कोणी बायोडिझेलवर, पण अवॉर्डचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "ते आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) मुंबईवाल्यांसाठी असतं, आपल्याला कोण देणार". हे खरं नाही आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय. मी सरकी तेलावर पीएचडी जळगावातूनच केली, या प्रोसेसमधून गेलोय, आणि अडतं कुठे ते नीट माहितीये. अडतं ते मशीनमुळे कमी आणि कागद, तारखा आणि ॲब्स्ट्रॅक्टमुळे जास्त.

एक गोष्ट आधीच सांगतो. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी संस्था म्हणजे अमेरिकन ऑइल केमिस्ट्स सोसायटी, सगळे एओसीएस म्हणतात. ती १९०९ साली मेम्फिसमध्ये सुरू झाली ती सरकीचं तेल तपासणाऱ्या केमिस्ट लोकांनी एकत्र येऊन, तेव्हाचं नाव होतं सोसायटी ऑफ कॉटन प्रॉडक्ट्स ॲनालिस्ट्स. प्रत्येकाच्या लॅबचा आकडा वेगळा यायचा, त्यावरून व्यापारात भांडणं व्हायची, म्हणून सगळ्यांसाठी एकच टेस्ट मेथड हवी यासाठी ती माणसं जमली. म्हणजे ज्या संस्थेला आपण लांबची समजतो तिचा पायाच कापसाच्या पट्ट्यातल्या सरकीवर आहे. सरकी आपल्याला नवीन सांगायची गरज नाही.

१) आधी अवॉर्ड नीट ओळखा

स्टुडंटसाठी एकच अवॉर्ड नसतो. एओसीएसचा ऑनर्ड स्टुडंट अवॉर्ड हा सगळ्यात माहितीतला, फॅट्स आणि लिपिड्सच्या कुठल्याही विषयावर काम करणाऱ्या मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी, जगातल्या कुठल्याही विद्यापीठाचे चालतात. निवड झाली की त्यांच्या वार्षिक मीटिंगला जाऊन आपलं काम मांडायचं असतं. त्याशिवाय त्यांच्या प्रत्येक डिव्हिजनचे वेगळे स्टुडंट अवॉर्ड असतात, म्हणजे लिपिड ऑक्सिडेशन अँड क्वालिटी, प्रोसेसिंग, ॲनालिटिकल, इंडस्ट्रियल ऑइल प्रॉडक्ट्स, सरफॅक्टंट्स अँड डिटर्जंट्स, प्रोटीन अँड को-प्रॉडक्ट्स वगैरे. आणि थॉमस स्माउस, राल्फ पॉट्स यांच्या नावाच्या फेलोशिप आहेत, त्या जास्त करून पीएचडीच्या रिसर्चसाठी.

आपल्या देशात ऑइल टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे, ओटाय. माझं स्पष्ट मत, बाहेर अर्ज करायच्या आधी ओटायच्या कन्व्हेन्शनला एकदा तरी पोस्टर लावा. तिथे ऑइल मिल, रिफायनरीवाले लोक समोर उभे राहून प्रश्न विचारतात आणि त्यांचे प्रश्न डिपार्टमेंटमधल्या प्रेझेंटेशनपेक्षा कितीतरी टोकदार असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा, एलिजिबिलिटी. ऑनर्ड स्टुडंटची अट अशी की वार्षिक मीटिंग संपेपर्यंत तुम्ही रजिस्टर्ड विद्यार्थी पाहिजे, तोवर डिग्री मिळालेली नको आणि नोकरीही लागलेली नको. मीटिंग एप्रिल-मे मध्ये असते आणि अर्ज त्याच्या आदल्या वर्षी जातो. त्यामुळे डिसेंबरात थीसिस सबमिट, फेब्रुवारीत व्हायवा असं ज्याचं गणित आहे त्याने त्या वर्षी अर्ज करून उपयोग नाही. पीएचडीच्या मधल्या काळात अर्ज करा, हातात पुरेसा डेटा आलाय पण थीसिस बांधायला टाकलेली नाही अशा वेळी. शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवणारे बरेच जण यातच बाद होतात आणि मग दुसरी संधी नसते.

नोटीस दरवर्षी बदलते, रक्कम बदलते, मागितलेले कागद बदलतात. मागच्या वर्षीच्या सीनियरच्या व्हॉट्सॲपवरची पीडीएफ बघून काही ठरवू नका, त्या वर्षीची नोटीस स्वतः काढून शब्दनशब्द वाचा.

२) आपला विषय कुठे बसतो ते बघा

तुमचं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि त्या वाक्यात प्रश्न पाहिजे. "सरकी तेलाचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "उन्हाळ्यात गरम टाकीत साठवलेल्या कच्च्या सरकी तेलाचा रंग नंतर ब्लीचिंगला का जुमानत नाही आणि साठवणीतलं काय बदललं तर जुमानेल" हा प्रश्न आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं रंगद्रव्य असतं, कच्चं तेल त्यामुळेच गडद लालसर-तपकिरी दिसतं, अल्कली रिफायनिंगमध्ये ते बरंचसं निघून जातं, पण कच्चं तेल गरमीत जास्त दिवस राहिलं की रंग तेलात बसतो आणि मग कितीही ब्लीचिंग अर्थ (रंग शोषून घेणारी माती) टाका, पाहिजे तसा उतरत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, जिनिंगचा माल दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मिलवर येत राहतो. हा प्रश्न इथे रोज उभा असतो आणि अमेरिकेतल्या एसी गोडाऊनमध्ये बसून कोणाला तो सुचणार नाही.

असे विषय आपल्याकडे भरपूर आहेत. ओली सरकी ढीग लावून ठेवली की तेल तोडणारं लायपेज एन्झाइम कामाला लागतं आणि फ्री फॅटी ॲसिड (तेलातून सुटं झालेलं आम्ल) वाढतं, मिलवाल्याला हे अनुभवाने माहिती आहे पण किती ओलाव्याला किती दिवसात किती वाढतं याचे इथल्या मालाचे स्वच्छ आकडे काढले तर ते काम आहे. ढेपेतलं गॉसिपॉल, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणि त्याची शेल्फ लाइफ, करडई-जवसाचं तेल, शेव-भज्यांच्या कढईतलं तेल. आपल्याकडे भरतावर, ठेच्यावर, खिचडीवर कच्चं शेंगदाणा तेल ओतून खातात, म्हणजे तेल गरम न होता थेट पोटात जातं, मग त्या तेलाची ताजेपणाची कसोटी काय असावी, हाही प्रश्नच आहे की.

विषय "लोकल" आहे म्हणून लाजू नका. फक्त तो लोकल का महत्त्वाचा आणि त्यातून बाहेरच्या माणसाला काय शिकता येईल, हे दोन्ही लिहा. पहिलं सगळे लिहितात, दुसरं राहून जातं.

३) डेटा: इथेच खरी परीक्षा आहे

समितीत बसलेली माणसं आयुष्यभर तेल तपासत आलेली असतात, त्यांना कच्चा डेटा लगेच दिसतो. पुढच्या गोष्टी अर्जाच्या सहा-आठ महिने आधीच तपासून घ्या, कारण शेवटच्या महिन्यात दुरुस्त होत नाहीत.

पहिली, पेरॉक्साइड व्हॅल्यूवर (तेल खवट व्हायला किती सुरुवात झालीय ते दाखवणारा आकडा) एकटीवर विसंबू नका. तळणाच्या कामात तर अजिबात नाही. या व्हॅल्यूत मोजली जाणारी हायड्रोपेरॉक्साइड जास्त तापमानाला तयार होतात तसेच तुटतात पण, म्हणून आठवडाभर वापरलेल्या कढईतल्या तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू कमी येऊ शकते आणि अनुभव नसलेला माणूस लिहून टाकतो की तेल चांगलं आहे. सोबत पॅरा-ॲनिसिडीन व्हॅल्यू काढा, ती पुढच्या टप्प्यातले अल्डिहाइड दाखवते. दोन्ही मिळून टोटॉक्स काढतात, पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडीन. तळणासाठी टोटल पोलर कंपाउंड (तळून तळून तेलात साठणारे खराब घटक) हवेच, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे, तुमचे आकडे त्या मर्यादेशी जोडून दाखवले की वाचणाऱ्याला लगेच अर्थ लागतो.

दुसरी, ॲसिड व्हॅल्यू आणि फ्री फॅटी ॲसिड टक्केवारी यांची सरमिसळ. ओलेइक ॲसिडच्या हिशोबात फ्री फॅटी ॲसिडला १.९९ ने गुणलं की ॲसिड व्हॅल्यू येते, म्हणजे जवळपास दुप्पट. एका टेबलात एक आणि दुसऱ्या टेबलात दुसरी वापरलेले अर्ज मी बघितलेत, वाचणारा तिथेच पेन खाली ठेवतो.

तिसरी, मेथडचा नंबर लिहा. "स्टँडर्ड पद्धतीने टायट्रेशन केलं" असं चालत नाही. पेरॉक्साइडला सीडी ८बी-९०, ॲनिसिडीनला सीडी १८-९०, फ्री फॅटी ॲसिडला सीए ५ए-४०, असे एओसीएसच्या ऑफिशियल मेथड्सचे नंबर आहेत. तुम्ही आयएसची (भारतीय मानकाची) मेथड वापरली असेल तर तिचा नंबर लिहा, पण जी खरंच वापरली तीच लिहा. पेरॉक्साइडची जुनी क्लोरोफॉर्मवाली मेथड करून नंबर नवीन आयसोऑक्टेनवालीचा लिहिणं ही चूक नाही, खोटेपणा आहे, आणि मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो.

चौथी, रेप्लिकेट, म्हणजे प्रयोग स्वतंत्रपणे परत करणं. एकाच बाटलीतून तीन टायट्रेशन केले म्हणजे तीन रेप्लिकेट होत नाहीत, ते फक्त तुमचा हात किती स्थिर आहे ते दाखवतात. तीन वेगळ्या लॉटची सरकी, तीन वेगळ्या वेळी काढलेलं तेल, तेव्हा ते रेप्लिकेट. हा मुद्दा मी ज्युनियर पोरांना सगळ्यात जास्त वेळा सांगतो आणि सगळ्यात जास्त वेळा हाच दुर्लक्षित होतो, कारण तिप्पट मेहनत आहे. पण ती केल्याशिवाय तुमच्या प्लस-मायनसला काही अर्थ नाही.

पाचवी, आपलं ऊन. सॅम्पल पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून मे महिन्यात कुरिअरने मुंबईला पाठवलं तर तिथे पोचेपर्यंत ते वेगळंच तेल झालेलं असतं. अंबर काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, शक्य असेल तर वरून नायट्रोजन, थर्मोकोलच्या डब्यात आइस पॅक, आणि निघताना एकदा पोचल्यावर एकदा पेरॉक्साइड काढून दोन्ही आकडे नोंदवायचे. फ्रिज लोडशेडिंगमध्ये किती वेळ बंद होता हेसुद्धा वहीत लिहा.

जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, फॅटी ॲसिड वेगवेगळी मोजणारं मशीन) नाही म्हणून रडत बसू नका. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या लॅबची उपकरणं दिसतात आणि बुक करता येतात, आयआयटी मुंबईत सैफ, म्हणजे बाहेरच्यांनाही वापरता येणारं उपकरण केंद्र, आहे, इंडस्ट्रीच्या लॅबही विनंती केली तर करून देतात. फॅटी ॲसिड प्रोफाइल आलं की आधी साधी खात्री करा. सरकीत लिनोलेइक साधारण अर्धं किंवा थोडं जास्त आणि पामिटिक पावभागाच्या आसपास असतं, तुमच्या रिपोर्टमध्ये पामिटिक दहा टक्के दिसत असेल तर शोध लागला असं समजू नका, बाटली दुसऱ्याची आहे का किंवा भेसळ आहे का ते बघा.

४) ॲब्स्ट्रॅक्ट लिहा, आणि परत लिहा

शब्दमर्यादा नोटीशीत असते, ती पाळा. सुरुवात "भारत हा शेतीप्रधान देश आहे" किंवा "तेल हा आहाराचा महत्त्वाचा घटक आहे" अशी करू नका, तेवढ्यात तुमचे तीस शब्द गेले. पहिल्या वाक्यात अडचण, दुसऱ्यात आजवर काय माहिती नव्हतं, मग तुम्ही काय केलं, मग आकडे, मग त्याचा अर्थ.

आकडे म्हणजे खरोखर आकडे. "तेलाची स्थिरता लक्षणीय वाढली" याच्यापेक्षा कशावरून कशावर गेली, किती तासांवरून किती तासांवर, कुठल्या तापमानाला, कुठल्या कंट्रोलच्या तुलनेत, हे लिहा. जे झालं नाही तेही एका ओळीत लिहायला हरकत नाही, उदाहरणार्थ एखादा नैसर्गिक अँटिऑक्सिडंट साठवणीत चालला पण तळणाच्या तापमानाला टिकला नाही. अशी ओळ वाचली की समितीला कळतं की या माणसाने काम स्वतः केलंय.

"आम्ही" आणि "मी" यातला फरक सांभाळा. अवॉर्ड विद्यार्थ्याला आहे, लॅबला नाही. तेल कोणी काढलं, जीसी कोणी चालवली, स्टॅटिस्टिक्स कोणी केलं, यातलं तुमचं काय ते साफ लिहा आणि बाकीच्यांना श्रेय द्या.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मराठीतच लिहून काढा, डोक्यात जे आहे ते कागदावर नीट उतरू द्या, मग इंग्रजीत करा. नंतर विषयाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या, त्याला तुमचा प्रश्न परत सांगता आला नाही तर पुन्हा लिहायचं. एआयकडून व्याकरण तपासून घ्यायला संस्थेचे नियम परवानगी देतात का ते आधी बघा, पण मजकूर तुमचाच पाहिजे, कारण पुढे स्टेजवर उभं राहून तुम्हालाच बोलायचंय.

५) रेकमेंडेशन लेटर: सरांना वेळ द्या

आपल्याकडे पद्धत अशी की सर म्हणतात "तूच लिहून आण, मी सही करतो". असं लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं, कारण विद्यार्थी स्वतःबद्दल फक्त "मेहनती आणि प्रामाणिक" एवढंच लिहू शकतो. त्याऐवजी गाईडना एक पानाची टिपणं द्या: कुठला प्रयोग बिघडला होता आणि तुम्ही कसा सोडवला, कुठली मेथड लॅबमध्ये तुम्ही बसवली, कुठल्या ज्युनियरला शिकवलं, पेपर कुठे आहे. मग सर किंवा मॅडम त्यांच्या शब्दात लिहितील. नम्रपणे सांगा की "सर, समितीला तुमचं मत हवंय, म्हणून तुम्हीच लिहिलं तर बरं होईल", बहुतेक जण ऐकतात.

दुसरं पत्र लागलं तर मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे पळू नका. कुलगुरूंनी तुम्हाला लॅबमध्ये कधी बघितलेलं नसतं. ज्या बाहेरच्या लॅबमध्ये बसून सॅम्पल चालवले तिथल्या सायंटिस्टचं पत्र त्याच्या दसपट कामाचं.

पत्र बऱ्याचदा गाईडनेच लिंकवरून अपलोड करायचं असतं आणि ती लिंक त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. दिवाळीच्या सुट्टीत सर गावाला गेले की संपलं. महिनाभर आधी सांगा, आठवड्याने आठवण करा, अपलोड झाल्याचा मेल डोळ्याने बघा.

६) कागदपत्रं

हे सगळं एका फोल्डरमध्ये आधीच तयार ठेवा, फाईलच्या नावात स्वतःचं नाव टाका:

- ॲब्स्ट्रॅक्ट आणि मागितला असेल तर रिसर्चचा सविस्तर गोषवारा
- दोन पानी सीव्ही, आठवीतल्या चित्रकलेच्या परीक्षेशिवाय
- बीटेक-बीएस्सीपासूनच्या मार्कशीट, आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट
- आता शिकत असल्याचं बोनाफाईड, अपेक्षित डिग्रीच्या तारखेसकट, डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर
- पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र
- पेपर, पोस्टर यांची यादी, छापलेले वेगळे आणि पाठवलेले वेगळे
- पासपोर्ट

ट्रान्सक्रिप्टला परीक्षा विभागात अर्ज, चलन, मग वाट बघणं, यात दिवस जातात, ते सगळ्यात आधी टाका. पासपोर्टचंही तसंच, पोलीस व्हेरिफिकेशन गावाकडच्या पत्त्यावर होतं आणि तुम्ही होस्टेलला असता.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम, पेपरवर फक्त नाव-आडनाव, लग्न झालेल्या ताईंचं तर तिसरंच. अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव टाका, आणि बाकीचे कागद वेगळे असतील तर डिपार्टमेंटकडून "ही एकच व्यक्ती आहे" असं एका ओळीचं पत्र घेऊन जोडा.

७) अर्ज भरताना

पोर्टलवर लवकर अकाउंट उघडा, सगळे रकाने एकदा बघून घ्या, उत्तरं वर्डमध्ये लिहून मग चिकटवा. डेडलाईन अमेरिकेच्या वेळेनुसार असते त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ मिळते, पण त्या सकाळीवर विसंबू नका, दोन दिवस आधी सबमिट करून मोकळे व्हा. स्टुडंट मेंबरशिप लागत असेल तर पैसे भरायला इंटरनॅशनल व्यवहार चालू असलेलं कार्ड हवं, सहकारी बँकेचं फक्त देशात चालणारं कार्ड तिथे घेत नाही. सबमिशनचा मेल पीडीएफ करून ठेवा.

८) निवड झाली तर

सगळ्यात आधी संस्थेकडून इन्व्हिटेशन लेटर मागा, पासपोर्टवरच्या नावाने. मग व्हिसा. अमेरिकेतल्या कॉन्फरन्ससाठी बी-१ व्हिसा लागतो, आधी डीएस-१६० फॉर्म, मग फी, मग मुंबईत दोन वेगळ्या अपॉइंटमेंट, एक फोटो आणि बोटांच्या ठशांची, एक कॉन्सुलेटमधल्या इंटरव्ह्यूची. इंटरव्ह्यूच्या तारखेला बराच काळ थांबावं लागतं म्हणून निकालाच्या आठवड्यातच हे सुरू करा. विद्यापीठाची ना हरकत, शिकत असल्याचं बोनाफाईड आणि परत येऊन थीसिस सबमिट करायचंय हे दाखवणारं गाईडचं पत्र जवळ ठेवा. तिथे विचारतात "काय काम करता", तेव्हा गॉसिपॉलचं रसायनशास्त्र सुरू करू नका, "कापसाच्या बियांच्या तेलावर रिसर्च करतो, त्याचं प्रेझेंटेशन आहे" एवढं पुरे.

पैशाचा हिशोब आधी मांडा. अवॉर्डमधून सगळा खर्च निघेलच असं नाही, आणि प्रवासाचे पैसे बऱ्याचदा आधी स्वतः घालून नंतर मिळतात. घरी कापसाचे पैसे कधी हातात येतात आणि तिकीट कधी काढायचंय याचा मेळ बसत नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांचं वास्तव आहे. म्हणून सोबतच केंद्राच्या ट्रॅव्हल सपोर्टला अर्ज टाका, रिसर्चला पैसे देणाऱ्या एसईआरबीचं काम आता एएनआरएफकडे गेलंय तिथे बघा, सीएसआयआरची ट्रॅव्हल ग्रँट बघा, विद्यापीठाच्या रिसर्च सेक्शनलाही विचारा. या योजनांना मीटिंगच्या कितीतरी आधी अर्ज लागतो आणि तिथे पेपर स्वीकारल्याचं पत्र जोडावं लागतं, ते आलं की त्याच दिवशी पुढे पाठवा.

आणि तिकीट, बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, रजिस्ट्रेशनची पावती, सगळं जपून ठेवा, त्याच रात्री मोबाईलवर फोटो काढून स्वतःला मेल करा. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात क्लेम टाका, त्यालाही मुदत असते आणि अकाउंट्समध्ये मूळ बोर्डिंग पास मागतातच.